तात्पुरत्या आधारभिंती : मातीचा दाब आणि खोदाईचा क्रम

शहरात इमारतीस तळघर द्यावयाचे ठरले म्हणजे अभियंत्यापुढील पहिला प्रश्न इमारतीचा नसून खड्ड्याचा असतो. मोकळ्या माळावर खड्ड्याच्या बाजू उताराने कापता येतात. परंतु ज्या ठिकाणी शेजारच्या घराचा पाया, रस्ता किंवा जलवाहिनी हद्दीला लागून असते, तेथे बाजू उभ्याच कापाव्या लागतात, आणि उभी कापलेली माती धरून ठेवण्यासाठी भिंत उभारावी लागते. या भिंतीचे आयुष्य बहुधा काही महिन्यांचेच असते. तळघराच्या भिंती व लाद्या तयार झाल्या की तिचे काम संपते. ‘तात्पुरती’ या विशेषणामुळे तिच्या संकल्पनाकडे दुय्यम दृष्टीने पाहण्याची प्रवृत्ती आढळते. वस्तुतः तिचे गणित कायम स्वरूपाच्या भिंतीपेक्षा अधिक अवघड आहे. कायमची भिंत बांधून झाल्यावर एकाच स्थितीत राहते, उलट तात्पुरत्या भिंतीची उंची, तिचे आधार व तिच्यावरील भार खोदाईबरोबर सतत बदलत असतात.

या बदलांच्या मुळाशी एक तत्त्व आहे. भिंतीवर येणारा दाब हा केवळ मातीचा गुणधर्म नव्हे. भिंत कोठे, किती आणि कोणत्या क्रमाने हलते यावर तो अवलंबून असतो. या तत्त्वाचे संकल्पनावर व प्रत्यक्ष उभारणीवर कोणते परिणाम होतात याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. दाबाच्या तीन अवस्था

कूलोंब या फ्रेंच अभियंत्याने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आणि रँकिन यांनी १८५७ साली मातीच्या दाबाचा जो सिद्धान्त मांडला, तो आजही अभ्यासक्रमाचा आरंभबिंदू आहे. त्यानुसार भिंत मातीपासून किंचित दूर सरकली तर मातीची एक पाचर तुटून खाली घसरू पाहते. तिच्या अंतर्गत घर्षणाचा पूर्ण उपयोग होतो आणि दाब किमान मूल्यापर्यंत उतरतो. हा सक्रिय दाब होय. भिंत मुळीच हलली नाही तर माती विश्रामावस्थेत राहते व दाब त्याहून अधिक असतो. भिंत मातीत दाबली गेली तर माती तिला विरोध करते आणि दाब पुष्कळ वाढतो. हा प्रतिरोधी दाब होय. भिंतीचे जमिनीत रोवलेले टोक याच्याच बळावर उभे असते.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. कोरडी वाळू घ्यावी. तिचे वजन दर घनमीटरला १८ किलोन्यूटन व अंतर्घर्षण कोन ३० अंश मानावा. सक्रिय दाबाचा गुणांक एक-तृतीयांश येतो, तर विश्रामावस्थेतील गुणांक याकी यांच्या १९४४ च्या सूत्रानुसार अर्धा येतो. खड्डा ६ मीटर खोल असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सक्रिय अवस्थेत १०८ आणि विश्रामावस्थेत १६२ किलोन्यूटन एवढा एकूण रेटा येतो. माती तीच, खोलीही तीच. परंतु भिंतीच्या वर्तनानुसार रेटा दीडपट होतो. घट्ट वाळूत सक्रिय अवस्था येण्यास उंचीच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी, म्हणजे येथे अवघी ६ मिलिमीटर हालचाल पुरते. प्रतिरोधी दाब पूर्णपणे जागृत होण्यास मात्र याच्या कितीतरी पट हालचाल लागते. यास्तव रोवलेल्या टोकासमोरील मातीचा पूर्ण विरोध हिशेबात धरणे म्हणजे भिंतीने बरेच सरकावे असे गृहीत धरण्यासारखे आहे. शेजारी जुनी इमारत असता ते परवडणारे नसते. वरील उदाहरणात घसरणारी पाचर जमिनीच्या पृष्ठभागावर भिंतीमागे सुमारे ३.५ मीटरपर्यंत पोहोचते. त्या पट्ट्यात ज्याचा पाया आहे ते घर पाचरीवरच उभे आहे असे समजावे.

२. धिऱ्यांवरील भार

भिंतीला खड्ड्याच्या आतून जे आडवे टेकू देतात त्यांना येथे धिरे म्हटले आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ते बसवितात, आणि त्यांचा भार भिंतीवर वाटला जावा म्हणून भिंतीला लागून आडवी पोलादी तुळई देतात. ती कामावर ‘वेलर’ या नावाने ओळखली जाते.

रँकिन यांच्या सिद्धान्तात दाब खोलीच्या प्रमाणात वाढतो. त्याची आकृती त्रिकोणी असते. ही आकृती खरी ठरावी यासाठी भिंत आपल्या तळाभोवती फिरून वरच्या बाजूस अधिक कलली पाहिजे. धिरे दिलेल्या भिंतीत नेमके याच्या उलट घडते. पहिला धिरा खोदाईच्या प्रारंभीच बसतो व वरचा भाग धरून ठेवतो. त्यानंतर जसजसे खाली खणावे तसतसा भिंतीचा खालचा भाग आत झुकत जातो. वरच्या मातीस सैल होण्याची संधी मिळत नाही, आणि खालची माती आपला काही भार वरच्या ताठ आधाराकडे ढकलते.

१९४० च्या सुमारास शिकागोतील भुयारी रेल्वेच्या उघड्या खोदाईत राल्फ पेक यांनी धिऱ्यांवरील प्रत्यक्ष भार मोजले व ते १९४३ साली प्रसिद्ध केले. त्यांना मऊ चिकणमातीत त्रिकोणी आकृती आढळली नाही. बर्लिन, म्यूनिक व न्यूयॉर्क येथील वाळूतील मोजमापांनीही हाच निष्कर्ष दिला. त्यावरून तेर्झागी व पेक यांनी धिऱ्यांच्या संकल्पनासाठी दाबाच्या आवेष्टन-आकृत्या सुचविल्या. वाळूसाठी पेक यांची १९६९ ची आकृती आयताकार असून तिचे मूल्य खड्ड्याच्या तळाशी येणाऱ्या सक्रिय दाबाच्या ०.६५ पट असते.

वरील ६ मीटर खोल खड्ड्यात १, ३ व ५ मीटर खोलीवर धिऱ्यांच्या तीन रांगा आहेत असे समजावे, आणि प्रत्येक धिऱ्याने लगतच्या दोन मीटर पट्ट्याचा भार घ्यावा. त्रिकोणी आकृतीनुसार वरपासून क्रमाने दर मीटर लांबीस १२, ३६ व ६० किलोन्यूटन भार येतात. पेक यांच्या आयतानुसार दाब सर्वत्र दर चौरस मीटरला २३.४ किलोन्यूटन, आणि तिन्ही धिऱ्यांवर प्रत्येकी सुमारे ४६.८ किलोन्यूटन. एकूण रेटा १०८ वरून १४० वर जातो. वाढ शेकडा ३०. परंतु वरच्या धिऱ्यापुरते पाहिले तर भार जवळजवळ चौपट होतो. जो धिरा पाठ्यपुस्तकातील त्रिकोणाने सर्वांत निर्धास्त ठरविला, तोच सर्वांत कमकुवत निघण्याचा संभव असतो. ही आयताकृती म्हणजे कोणत्याही एका क्षणी असणारा दाब नव्हे हेही ध्यानात ठेवावे. अनेक ठिकाणी मोजलेल्या कमाल भारांना पुरून उरेल अशी ती मर्यादा आहे, आणि तिचा उपयोग धिऱ्यांपुरताच करावयाचा आहे.

३. प्रत्येक टप्पा ही स्वतंत्र रचना

याच खड्ड्यात शेवटचा धिरा बसण्यापूर्वीची स्थिती पाहण्यासारखी आहे. ५ मीटरवरील धिरा बसविण्यास कामगारांना जागा हवी म्हणून खोदाई ५.५ मीटरपर्यंत नेतात. त्या क्षणी मधल्या धिऱ्याकडे २ मीटरपासून ४.२५ मीटरपर्यंतचा पट्टा येतो व त्याचा भार ४८ किलोन्यूटनच्या वर जातो, म्हणजे पूर्ण झालेल्या खड्ड्यातील भारापेक्षा किंचित अधिकच. आता मुकादमाने वेळ वाचविण्यासाठी धिरा न बसविताच ६ मीटरपर्यंत खणले तर त्याच धिऱ्यावर ५८.५ किलोन्यूटन, म्हणजे अंतिम स्थितीच्या सव्वापट भार येतो. भिंतीचा निराधार गाळा २.५ मीटरऐवजी ३ मीटर होतो, आणि नमन परिबल गाळ्याच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते सुमारे १.४४ पट होते. अर्ध्या मीटरच्या जादा खोदाईची ही किंमत आहे. म्हणूनच युरोपीय भूतंत्र संहितेत आधार दिलेल्या भिंतीच्या संकल्पनात, सर्वांत खालचा आधार व खोदाईचा तळ यांतील अंतराच्या एक-दशांश, कमाल अर्धा मीटर, इतकी अनपेक्षित जादा खोदाई धरण्यास सांगितले आहे.

धिरे काढण्याच्या वेळी हीच स्थिती उलट क्रमाने येते. तळाची लादी पडल्यावर ५ मीटरवरील धिरा काढला की ३ मीटरवरील धिरा व लादी यांमधील गाळा पुन्हा ३ मीटरचा होतो. लादीच्या काँक्रीटने पुरेशी शक्ती धारण करण्यापूर्वी तो काढणे हे जादा खोदाईइतकेच घातक आहे. तात्पर्य, संकल्पनाच्या नकाशात एक छेद पुरेसा नाही. खोदाईचा, आधार बसविण्याचा व काढण्याचा प्रत्येक टप्पा वेगळ्या छेदात दाखवून त्या प्रत्येकाचे गणित केले पाहिजे.

४. भिंतींचे प्रकार व उभारणी

सर्वांत जुन्या पद्धतींपैकी एक बर्लिनच्या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील भुयारी रेल्वेच्या कामात ती रूढ झाली. पोलादी आय-तुळया दीड ते तीन मीटर अंतराने जमिनीत उभ्या ठोकतात किंवा छिद्रे पाडून बसवितात. नंतर सुमारे एक-सव्वा मीटरच्या टप्प्यांनी खणत जाऊन तुळयांच्या पंखांमध्ये लाकडी फळ्या सरकवितात. फळ्या तुळयांपेक्षा लवचिक असल्याने त्यांच्यामागील माती कमानीसारखी वागते व भार ताठ तुळयांवर टाकते. त्यामुळे फळ्यांची जाडी गणितापेक्षा कमी चालते. मात्र फळी व माती यांमध्ये पोकळी राहता कामा नये. ती नीट ठासून भरली नाही, तर माती प्रथम ती पोकळी भरून काढते आणि मागची जमीन खचते.

ही भिंत पाणी अडवीत नाही, आणि येथेच प्रकाराची निवड ठरते. उदाहरणातील खड्ड्यामागे जमिनीच्या पातळीपर्यंत पाणी साचले आहे असे समजावे. संपृक्त मातीचे वजन दर घनमीटरला २० किलोन्यूटन धरले तर पाण्याचा रेटा सुमारे १७७ व मातीच्या कणांचा सुमारे ६१, असा एकूण २३८ किलोन्यूटन रेटा येतो. कोरड्या स्थितीच्या दुपटीहून अधिक. फळ्यांच्या फटींतून पाणी झिरपते म्हणून बर्लिनी भिंतीला हा भार सहसा सोसावा लागत नाही. तथापि तेच झिरपणे बारीक वाळू बरोबर वाहून आणू शकते आणि शेजारच्या जमिनीतील जलपातळी उतरवून तेथील चिकणमाती दाबून बसवू शकते. उलटपक्षी पोलादी पत्रा-स्थूणा, एकमेकींना छेदून ओतलेल्या काँक्रीटच्या स्थूणा किंवा बेंटोनाइटच्या द्रवाने चर भरून ठेवून त्यात ओतलेली पडदा-भिंत पाणी अडविते, आणि म्हणून तिला पाण्याचा पूर्ण भार घ्यावाच लागतो. पाणी अडवावयाचे, पण त्याचा दाब हिशेबात धरावयाचा नाही, अशी सवलत कोणत्याही प्रकारात नाही.

रुंद खड्ड्यात धिरे लांब व बोजड होतात. तेथे जमिनीत तिरपे नांगर देतात. त्यांचा पकड घेणारा भाग घसरणाऱ्या पाचरीच्या पलीकडे असला पाहिजे, नाही तर नांगर पाचरीबरोबरच चालू लागेल. तो शेजाऱ्याच्या जमिनीखाली जात असल्याने त्याची परवानगी हा संकल्पनाचाच भाग ठरतो. धिरा असो वा नांगर, बसविल्यावर त्यास आगाऊ ताण देणे हितावह असते. त्यायोगे सांध्यांतील ढिलाई निघून जाते व भिंत हलण्यापूर्वीच आधार कामास लागतो.

५. तळाची स्थिरता

मऊ चिकणमातीत धोका बाजूंपेक्षा तळाकडून अधिक असतो. खड्ड्याबाहेरील मातीचे वजन तळापाशी आतल्या मातीवर वरून काहीच प्रतिभार नसल्यामुळे तिला भिंतीखालून आत ढकलते. तळ फुगतो व बाहेरची जमीन खचते. मातीचे वजन गुणिले खोली यास तिच्या अनिस्सारित कर्तनशक्तीने भागले असता जो अंक येतो तो या धोक्याचे माप होय. तो ६ ते ७ च्या घरात गेला म्हणजे तळ फुटण्याची वेळ आली असे पेक यांनी दाखविले आहे. कर्तनशक्ती २५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर व वजन १६ असलेल्या चिकणमातीत ६ मीटरवर हा अंक ३.८, तर १० मीटरवर ६.४ होतो. धिऱ्यांची संख्या वाढवून हा अंक बदलत नाही. भिंत खोलवर घट्ट थरापर्यंत नेणे किंवा तळाखालील माती सिमेंटने बांधून घेणे हेच उपाय उरतात.

६. सिंगापूर येथील अपघात

वरील सर्व बाबी एकत्र आल्या म्हणजे काय घडते याचे उदाहरण २० एप्रिल २००४ रोजी सिंगापूरमधील निकोल महामार्गालगत दिसून आले. तेथे भुयारी रेल्वेसाठी सुमारे ३३ मीटर खोल खड्डा खणला जात होता. दोन्ही बाजूंस ८०० मिलिमीटर जाडीच्या पडदा-भिंती होत्या आणि जमीन जाड थराच्या मऊ सागरी चिकणमातीची होती. धिऱ्यांच्या नऊ रांगा बसल्या होत्या व दहाव्या रांगेसाठी खोदाई सुमारे ३० मीटरपर्यंत पोहोचली होती. त्या सकाळपासून पोलादाचे आवाज ऐकू येत होते आणि वेलर वाकलेले दिसत होते. दुपारी साडेतीनच्या सुमारास नवव्या रांगेपासून सुरू झालेला बिघाड वर पसरला आणि महामार्गासह संपूर्ण भाग खचला. चार माणसे मृत्यू पावली. आपल्या हाताखालील कामगारांना बाहेर काढणारा एक मुकादम त्यांतच होता, व त्याचा देह अखेरपर्यंत सापडला नाही.

चौकशी समितीचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन दोष मुख्य ठरले. पहिला दोष मातीच्या गणितातील होता. चिकणमातीतून पाणी निघून जाण्यापूर्वीची स्थिती तपासताना परिणामी प्रतिबलांवर आधारलेले शक्तीचे अंक साध्या प्रतिमानात घातले गेले. मऊ चिकणमाती कर्तनाखाली आकुंचन पावू पाहते व त्यामुळे तिच्यातील रंध्रजलदाब वाढतो. या प्रतिमानात त्यास स्थान नव्हते. परिणामी मातीची शक्ती वास्तवापेक्षा अधिक मानली गेली, आणि योग्य पद्धतीने पुन्हा गणित करता भिंतीची नमन परिबले व हालचाल जवळजवळ दुप्पट भरली. दुसरा दोष पोलादाच्या सांध्यातील होता. धिरा जेथे वेलरला मिळतो त्या सांध्याची शक्ती आवश्यकतेच्या निम्म्याच्या आसपास होती. काही ठिकाणी ताठपणासाठीच्या पट्ट्यांऐवजी पोलादी चॅनेल वापरले होते. ते भारमर्यादा गाठल्यावर हळूहळू न वाकता एकदम शक्ती गमावीत.

यापैकी एकच दोष असता तर कदाचित इतके घडले नसते. विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, इशारा देणारी यंत्रे तेथे होती. भिंतीचा कल मोजणाऱ्या नळ्यांपैकी एकीने अखेरीस ४०० मिलिमीटरहून अधिक हालचाल नोंदविली होती. परंतु नोंदी ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यावर काम थांबविण्याऐवजी नोंदींना जुळतील असे नवे गणित करून मर्यादाच वाढविण्यात आली. पेक यांनी १९६९ च्या आपल्या रँकिन व्याख्यानात निरीक्षण-पद्धतीचे विवेचन केले, तेव्हा प्रतिकूल नोंद येताच काय करावयाचे हे आगाऊ ठरलेले असणे ही त्या पद्धतीची अट म्हणून सांगितली होती. ही अट पाळली नाही तर मोजमाप म्हणजे केवळ अपघाताची टिपणी ठरते.

७. महाराष्ट्रातील जमीन

आपल्याकडील जमिनीस हे तत्त्व दोन ठिकाणी विशेष लागू पडते. दख्खनच्या पठारावरील मुरूम व घट्ट काळी माती उभ्या कापल्या असता प्रथम जागच्या हलत नाहीत. २५ किलोन्यूटन संसक्तीची चिकणमाती सूत्रानुसार साडेपाच मीटरपर्यंत आधाराविना उभी राहावी. परंतु वरच्या बाजूस तडा गेला की तीच मर्यादा ३.७ मीटरवर येते, आणि तड्यात पावसाचे पाणी शिरले की त्याहूनही खाली. खणताना मातीस जे तात्पुरते शोषणबल मिळालेले असते ते दिवसागणिक ओसरते. सकाळी उभी असलेली बाजू म्हणून संध्याकाळी उभी राहील असे नाही. मलवाहिन्यांच्या अरुंद चरांत माणसे गाडली जातात ती बहुधा याच समजुतीने. भारतीय मानक ३७६४ च्या १९९२ च्या आवृत्तीने मातीतील दीड मीटरहून खोल चरांना आधार देण्यास सांगितले आहे ते याचमुळे.

मुंबईत प्रश्न निराळा आहे. तेथे भराव व सागरी चिकणमातीच्या खाली थोड्याच खोलीवर झिजलेला, आणि त्याखाली कठीण खडक लागतो. पत्रा-स्थूणा खडकात शिरत नाहीत. म्हणून खडकात छिद्रे पाडून ओतलेल्या स्थूणा वापरतात. परंतु तळघर खडकाच्या आत न्यावयाचे असले म्हणजे खोदाई भिंतीच्या टोकाखाली जाते आणि प्रतिरोधी दाबाचा आधारच नाहीसा होतो. अशा वेळी टोकापुढे खडकाची पायरी राखून ठेवणे व टोक खडकाशी खिळविणे अवश्य असते. सुरुंग लावताना तीच पायरी उडाली तर वरचे सर्व गणित निरर्थक होते.

सारांश, तात्पुरत्या भिंतीच्या संकल्पनात मातीचे गुणधर्म, पाण्याची पातळी व आधारांची शक्ती यांइतकेच महत्त्व क्रमाला आहे. तो क्रम नकाशावर अभियंता ठरवितो, परंतु खड्ड्यात तो मुकादम व यंत्रचालक पाळतात. यास्तव कोणत्या पातळीवर खोदाई थांबवावयाची, कोणता आधार बसल्याविना पुढे जावयाचे नाही, आणि कोणत्या नोंदीस सर्वांनी खड्ड्याबाहेर यावयाचे, हे तीन आकडे त्यांच्या भाषेत व त्यांच्या नजरेसमोर लिहिलेले असणे हा संकल्पनाचाच अखेरचा भाग होय.